बावीस चषकांचं स्थळ

माणूस ओळखण्यात मी चुकेन, कुत्रा ओळखण्यात चुकणार नाही, अशी माझी पक्की खात्री होती. कारण मी चषक बनवतो. एकोणीस वर्षं बाजारामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. चषक, ढाली, सन्मानचिन्हं, पितळी पाट्या. या शहरात कोण जिंकलं हे सगळ्यांच्या आधी मला कळतं. कधी कधी तर स्पर्धा व्हायच्या आधीच कळतं, कारण पाटीवर नाव मीच कोरलेलं असतं. ज्यांना आयुष्यात एक वाटीएवढा चषक मिळालेला नाही, तेच विचारतात, चषकात असं काय असतं? माझ्यासमोर विचारून दाखवा. पंधरा मिनिटं सोडणार नाही.

तर आमच्या ठिपकीसाठी स्थळ बघायची वेळ आली, तेव्हा मी घरात जाहीर केलं, की हे खातं माझं.

ठिपकी म्हणजे आमची डाल्मेशियन कुत्री. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, जणू कुणी नव्याने रंगवलेल्या भिंतीवर शाईचं पेन झटकलंय. वय पाच. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पिल्लं हवी असतील तर या खेपेला. यानंतर तिला त्रास द्यायचा नाही." म्हणजे संधी एकच.

आणि पिल्लू हवं होतं माझ्या सासऱ्यांना. सासरे ठार बहिरे. चाळीस वर्षं छापखान्यात यंत्रावर काढली. यंत्राने पगार दिला आणि कान ठेवून घेतले. एकटे राहतात, आणि एकटंच राहायचंय त्यांना. आजवर ते जमलं ते ठिपकीच्या आईमुळे. दाराची घंटी वाजली, की ती म्हातारी कुत्री त्यांचा पायजमा ओढत दाराकडे न्यायची. दूध उतू चाललं, की स्वयंपाकघराकडे न्यायची. ती गेली, आणि महिन्याभरात सासऱ्यांनी तीन पातेली जाळली. तिसऱ्या वेळी घरभर धूर, आणि हे आपले पेपरातलं कोडं सोडवतायत! शेजाऱ्यांनी खिडकीतून आत उडी मारली, तेव्हा हे त्यांना म्हणाले, "बसा की, चहा टाकतो."

त्या दिवशी बायकोने निकाल दिला. "बाबा, एक तर ठिपकीचं पिल्लू तुमच्याकडे येईल, नाही तर तुम्ही आमच्याकडे याल."

आमचं घर दोन खोल्यांचं. एक गॅलरी. गॅलरीत एक वेताची खुर्ची. दिवसभर यंत्राखाली पितळ धरून हात बधिर झाले, की मी त्या खुर्चीत बसतो. जगात माझ्या मालकीचं तेवढंच. सासऱ्यांशी बोलायला मी खिशात एक वही आणि जाड पेन ठेवतो. मी हसत हसत त्यांच्या तोंडावर म्हणालो, "म्हातारबुवा, तुम्ही आलात की माझी गॅलरीतली खुर्ची गेलीच म्हणायची." आणि वहीत कोरीव अक्षरात लिहिलं, 'बाबा, हे घर आपलंच आहे.' ते वाचून ते हसले. मीही हसलो. बहिऱ्या माणसाशी बोलण्याची ही एक मोठी सोय असते.

बायको म्हणाली, "आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या ताईंचा काळकान्या चालेल. गुणी आहे."

"काळकान्या?" मी ताडकन उठलो. "अगं, त्याचे दोन्ही कान डांबरात बुडवल्यासारखे काळे आहेत. डाल्मेशियनच्या कानावर ठिपके पाहिजेत, डाग नाही. प्रदर्शनात पहिल्या फेरीत बाहेर काढला त्याला. मला माहीत आहे, त्या प्रदर्शनाचे चषक माझेच होते."

"मशिनमध्ये कागद अडकायच्या आधी भुंकतो तो."

"मग त्याला मेकॅनिक म्हणून ठेव. जावई म्हणून नको."

मी स्थळ शोधून काढलं. साहेब. खरं नाव सात शब्दांचं होतं, पण घरात सगळे त्याला साहेब म्हणत. बावीस चषक. त्यातल्या नऊ पाट्या माझ्या हातच्या. साहेबाचा मालक जुना लाकूडवाला. त्याच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेच्या तीन फळ्या, फळ्यांवर चषकांच्या रांगा, आणि खाली गालिच्यावर साहेब. काय उभा राहिला होता! चारी पाय मोजूनमापून ठेवलेले, मान ताठ. बँकेचा मॅनेजर कर्ज नाकारताना बसतो तसा, फक्त उभा.

खालच्या रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. माझ्या कानठळ्या बसल्या. साहेबाची पापणी हलली नाही.

"बघितलंत?" लाकूडवाला म्हणाला. "प्रदर्शनात बँड वाजतो, लाउडस्पीकर खरखरतात, बाकीची कुत्री मालकाच्या पायात शिरतात. साहेब जागचा हलत नाही. अंतिम फेरीत मंडपाचा खांब पडला होता याच्या मागे. पंचांनी लिहून दिलंय, अविचल स्वभाव."

"आणि बोलावता कसे?"

"आमच्याकडे हाका मारणं नाही." त्याने टाच जमिनीवर आपटली. साहेब वळला. बोट खाली केलं. साहेब बसला. "सगळं खुणेवर."

मी भारावलो. संस्कार म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. घरी आलो, टाच आपटली आणि बायकोला चहाची खूण केली. तिने दाराकडे बोट केलं. त्या खुणेचा अर्थ मी पुढे अर्धा तास जिन्यात बसून समजून घेतला.

पुढच्या रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला. ठिपकी माजावर यायला आठवडा होता. मी, बायको, ठिपकी आणि सासरे अशी चौघांची वरात निघाली. सासऱ्यांना मी आणणार नव्हतो. पण पिल्लू ज्यांच्या घरी जाणार, त्यांनी बाप बघायला नको का, असं बायकोचं म्हणणं पडलं. मी वहीत लिहिलं, 'बाबा, तुम्ही हवेतच.' तोंडाने म्हणालो ते इथे लिहीत नाही.

लाकूडवाल्याने चहा मागवला. ठिपकी साहेबाला हुंगून आली आणि सोफ्याला टेकून बसली. सासरे मात्र खुर्चीत बसेनात. ते साहेबाभोवती हिंडत होते. समोरून बघत, बाजूने बघत. साहेबही त्यांच्याकडे बघत होता. मग दोघंही खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि रस्ता बघू लागले, जणू लहानपणीचे दोस्त खूप वर्षांनी भेटलेत.

"जमलं," मी बायकोच्या कानात म्हणालो. "बाबांना पसंत आहे."

"अहो, पण ठिपकीशी तो खेळत का नाही?"

"तो खेळणाऱ्यातला नाही. तो जिंकणाऱ्यातला आहे."

लाकूडवाला खूश झाला. मला चेव आला. म्हटलं, या बाईला चषक म्हणजे काय हे आज दाखवायचंच. सगळ्यात वरच्या फळीवर मधोमध माझी सर्वांत मोठी कामगिरी होती, दीड हात उंचीची. "ही पाटी बघ. त्यातला 'सर्वश्रेष्ठ' बघ. त्या जोडाक्षरांत माझ्या कोरायच्या यंत्राची दोन पाती गेली." ती उतरवायला मी स्टुलावर चढलो आणि तोल सावरायला वरच्या फळीला हात घातला.

फळी स्क्रूची होती. स्क्रू मात्र शोभेचे होते.

आधी वरची फळी आली. तिने मधली घेतली. मधलीने खालची घेतली. बावीस चषक, तीन काचा आणि मी, असे सगळे एकदम गालिच्याच्या पुढच्या फरशीवर आलो. तो आवाज कसा होता सांगू? भांड्यांचं अख्खं दुकान जिन्यावरून गडगडत खाली आलंय असं समजा. लाकूडवाल्याच्या हातातला चहा त्याच्याच सदऱ्यावर गेला. बायको सोफ्यावर चढली. ठिपकी सोफ्याखाली गेली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "इमारत पडली का हो?"

आणि खिडकीशी दोन पाठी तशाच. साहेबाची आणि सासऱ्यांची. दोघंही रस्ताच बघतायत.

मग एक चषक गडगडत खिडकीपर्यंत गेला आणि भिंतीवर आपटला. फरशी हादरली असावी. दोघांनी एकाच क्षणी, अगदी ठरवल्यासारखं, आपापल्या पायांकडे बघितलं. मग दोघंही सावकाश मागे वळले. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव. अरे, केव्हा झालं हे?

सासरे आमच्या तोंडांकडे बघत राहिले, मग साहेबाकडे बघितलं आणि पोट धरून हसायला लागले.

"मघापासून तेच म्हणतोय मनात," ते म्हणाले. "हा माझ्या पंगतीतला आहे."

"म्हणजे?" लाकूडवाला सदरा झटकत म्हणाला.

"ठार बहिरा आहे हो तुमचा साहेब. मीही असाच वागतो. दुसरे जिकडे बघतील तिकडे बघायचं. जमीन हादरली की वळायचं. सगळे हसले की मागून हसायचं. लोक म्हणतात, काय शांत माणूस आहे!"

लाकूडवाला लालबुंद झाला. "बावीस पंच मूर्ख आहेत का? बावीस?"

बायकोने उत्तर दिलं, कारण बाबांना प्रश्न दिसला नव्हता, ते साहेबाचं डोकं खाजवत होते. "पंचांनी पाय बघितले, पाठ बघितली, दात मोजले. ते सगळं छानच आहे. कानात कोण शिरतंय?"

मी अजून काचांमध्ये बसलो होतो, पण हार मानणाऱ्यातला मी नव्हे. साहेबाच्या मागे रांगत गेलो आणि दोन चषक हातात घेऊन झांजांसारखे वाजवले. एकदा, दोनदा, पाचदा. सोफ्याखालून ठिपकी केविलवाणी ओरडली. वरच्या मजल्यावरचा माणूस खाली आला. साहेबाने जांभई दिली.

"ठेवा ते खाली," बायको म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी ठेवले. मला ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे माझी हजेरी होती. हाताला पट्टी, मान वाकडी. त्या प्राण्यांच्या डॉक्टर आहेत याचा त्या दिवशी मला फायदा झाला, जखमी प्राण्याशी बोलावं तसं त्या माझ्याशी हळुवार बोलल्या. "या जातीत पांढऱ्या रंगाबरोबर बहिरेपण येतं. ते पिल्लांत उतरतं. चषकाने अंगाची ठेवण कळते, चाल कळते. कान कळत नाहीत, ते वेगळे तपासावे लागतात. आणि गंमत सांगू? कानावर जन्मतः काळा डाग असेल, तर ऐकू येण्याची शक्यता जास्त. तुमचे पंच नेमका तोच डाग दोष धरतात."

बायको काही बोलली नाही. काही न बोलता ती इतकं बोलते, की मला वहीची दहा पानं लागतील.

काळकान्याची तपासणी झाली. कान, कंबर, रक्त, सगळं खणखणीत. लग्न झेरॉक्सच्या दुकानामागच्या अंगणात लागलं. नवरदेव मध्येच दोनदा आत जाऊन भुंकून आला, कागद अडकला होता.

दोन महिन्यांनी सहा पिल्लं झाली. मी टोपलीत डोकावलो आणि हादरलो. पांढरी फटक! एक ठिपका नाही. मी बायकोला म्हणालो, "झेरॉक्स कोरी आली."

"ठिपके नंतर उमटतात, दोन आठवड्यांनी. आणि त्या कोपऱ्यातल्याकडे बघा."

कोपऱ्यातल्या एका पिल्लाचे दोन्ही कान डांबरासारखे काळे होते.

सासरे महिन्याभराने रोज यायला लागले. जमिनीवर बसायचे, पिल्लांच्या मागे चमचा टाकायचे आणि सहा जोडी कानांकडे बघत राहायचे. पाच पिल्लं वळायची. सहावं, तेच काळ्या कानांचं, चमचा हातातून सुटायच्या आत वळलेलं असायचं. आठ आठवडे झाल्यावर त्यांनी तेच उचललं. आम्ही दोघं त्यांना घरी पोचवायला गेलो. बायकोने बाहेर जाऊन घंटी वाजवली. पिल्लू सासऱ्यांच्या पायजम्याला लटकलं, तोंडावर आपटलं, उठलं आणि परत लटकलं. सासऱ्यांनी ज्या चेहऱ्याने स्वतःच्या घराचं दार उघडलं, तसा चेहरा मी बक्षीस समारंभातसुद्धा कुणाचा बघितलेला नाही.

मला हायसं वाटलं. पिल्लाला उचलून, सासऱ्यांकडे बघून हसत हसत मी म्हणालो, "शिक रे बाबा लवकर. तू कमी पडलास तर हा म्हातारा माझ्या खुर्चीत येऊन बसेल." आणि वही काढून लिहायला लागलो, 'बाबा, पिल्लू गोड...'

सासऱ्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. पेनही घेतलं. चष्मा वर केला आणि माझ्या अर्ध्या वाक्याखाली सुबक अक्षरात लिहिलं, 'गॅलरीतली खुर्ची तुम्हालाच राहू दे, जावईबापू.'

परतीच्या रस्त्यावर पहिल्याच वळणावर मी थांबलो. मग बायकोला विचारलं, "बाबांना ओठांवरून कळतं?"

"अहो, छापखान्यात त्या आवाजात कोण कानाने ऐकणार? चाळीस वर्षं सगळे तोंड बघूनच बोलायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मग आठ वर्षं मी वहीत कशाला लिहितोय?"

"मी म्हटलं होतं त्यांना, की सांगून टाका. ते म्हणाले, जावयाचं अक्षर सुंदर आहे, लिहू दे त्याला."

आठ वर्षं. मी आठवायला बसलो, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत येऊन थांबलो. पुढे जायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून मिशी वाढवतोय. ओठ पूर्ण झाकायला अजून दोन महिने लागतील, असं न्हावी म्हणतो. तोपर्यंत सासऱ्यांकडे गेलो, की मी फक्त चांगलं बोलतो.