महादूकाकांचा कोरियन पिच्चर

महादूकाकांना कोरियन भाषेतला एक शब्द येत नाही, पण कोरियन सिनेमातला प्रत्येक संवाद ते आम्हाला आगरीत सांगतात.

नारपोलीत ते माझ्या शेजारी राहतात. सगळा जन्म लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेला. तिथल्या खडखडाटात कामगार एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखतात, आणि ओठ इथूनतिथून सगळ्यांचे सारखेच, असं काकांचं ठाम मत. "तोंड हालतं नं? मंग कलतं," म्हणतात.

शुक्रवारी लूम बंद. दुपारची जेवणं झाली की अर्धी चाळ त्यांच्या खोलीत. डीव्हीडी एकच, मारामारीची. कव्हरवर लाथ उगारलेला तरुण आणि मागे गुंडांची टोळी. काकांच्या हिशेबी तरुण जवळच्याच वडपे गावचा, कोटातला विलन गोदामवाला शेठ. "यो सांगतं, जागा सोर, नायतर तंगरी तोरीन." गोष्ट दर शुक्रवारी थोडी बदलते. मध्यंतरी हीरोची आई वज्रेश्वरीला नवस बोलून आली होती. आम्ही हसून लोळतो आणि काका आणखी खुलतात.

मग एका शुक्रवारी चाळीतल्या एका हौशी माणसानं तोच सिनेमा हिंदीत मिळवला आणि कौतुकानं लावला. लगेच कळलं की हीरो पोलीस आहे, आणि काकांनी जिला त्याची आई केलं होतं ती टोळीची म्होरकी. खोली हशानं दणाणली. काका आमच्या तोंडांकडे बघत होते. सगळ्यांचं हसून झाल्यावर तेही हसले, आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मी मागोमाग गेलो. लूमनं त्यांचे कान कधीच नेले होते, हे चाळीला माहीत होतं. त्याचं त्यांना काय वाटतं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

"हिंदी पिच्चरला मी सगल्यांच्या मागून हसतो," ते म्हणाले. "कोरियन लावला का आपून सगले सारकेच बहिरे. मंग तुमी माज्या तोंडाकरं बगता."



एवढ्यात आतला टीव्ही गप्प झाला. काकू दारात आल्या. त्याही लूमवरच्याच. आवाज न काढता त्यांनी नुसते ओठ हलवले, तसे काका लगबगीनं उठले. काय म्हणाल्या, मी खुणेनं विचारलं.

"म्हनते, हीरोची आय चोर न्हाय. येऊन सांगा सगल्यांना."

जुनी कोरियन डीव्हीडी परत लागली. आईनं नवस फेडला, शेठची तंगडी तुटली, आणि त्या दुपारी काकांच्या आधी कोणीच हसलं नाही.