हंबीररावांचा डावा पाय

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टाकेही निघाले, पण हंबीररावांचा डावा पाय काही गादीवरून उठेना. शिवाजी पेठेच्या फुटबॉल संघाचा हा एके काळचा फुलबॅक. मांडी पार वाळून गेलेली. आता जन्मभर काठी टेकतच तालमीपर्यंत जायचं, या विचारानं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "पाय उचलत नाही ना? मग मनात उचला. डोळे मिटा, समोर चेंडू आहे असं बघा आणि किक मारा. डोक्यातनं हुकूम जात राहिला की पायात हळूहळू ताकद येते. मात्र मध्येच डोळे उघडायचे नाहीत."

दुपारी त्यांच्या पत्नी शालूबाई दळण आणायला गिरणीत गेल्या, तसे हंबीरराव खाटेवर पडल्या पडल्या मैदानात उतरले. कपाळावर घाम फुटला, ओठ पुटपुटू लागले. नेमक्या शेजारच्या धोंडुबाई विरजण मागायला आल्या.

"हंबीरराव, शालू कुठं गेली? आवं हंबीरराव!"

हंबीररावांच्या पायात चेंडू होता. ते कसले बोलतात!

"अगं बाई! ह्येंची वाचा गेली की!" धोंडुबाई ओरडतच बाहेर पळाल्या.

बघता बघता खोली भरली. कुणी जोतिबाचा गुलाल कपाळाला लावला, धोंडुबाई तुळशीचं पाणी घेऊन पायथ्याशी उभ्या राहिल्या. आता डोळे उघडावेत, असं हंबीररावांच्या मनात आलंही; पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "लई दिलदार माणूस!"

"असा फुलबॅक पुन्हा व्हायचा न्हाय," दुसरा म्हणाला.

जिवंतपणी पेठेत एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं? हंबीरराव डोळे मिटून ऐकत राहिले.

मग आकाराम आला. समोरच्या संघाचा जुना गोलकीपर. त्यानं टोपी काढली, हुंदका दिला आणि म्हणाला, "माणूस देव होता. पर अशा वक्ताला खोटं कशाला बोला? डाव्या पायाची किक त्येला कवाच जमली न्हाय. नुसता टेकू हुता त्यो!"

फाडदिशी पाय वर गेला. धोंडुबाईंच्या हातातला तांब्या उडाला आणि तुळशीचं पाणी आकारामच्या तोंडावर.

"टेकू? कुणाचा टेकू रं?" हंबीरराव उठून बसले.

दारात पिठाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या शालूबाई रडत-हसत म्हणाल्या, "आवं, पाय! पाय उचलला की ह्यांनी!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मांडी चाचपली आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, मनात पाहिलेला चेंडू कसा कामाला आला!"

"चेंडू कुठला वो डॉक्टर? आमचं आकारामभावजी आलंतं," शालूबाईंनी सगळी हकिगत सांगितली.

डॉक्टर जरा जवळ सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, ते आकाराम दवाखान्यात येतील का हो? माझ्याकडे अजून दोन गुडघे पडून आहेत."