राखाडी स्वेटर, बिल नाही

बायकोच्या राखाडी स्वेटरच्या बाहीवर खडू कुठून आला, हा प्रश्न लाँड्रीवाल्याला एका सोमवारी संध्याकाळी पडला आणि महिना उलटला तरी सुटला नाही. वीस वर्षं लोकांचे डाग बघून त्याचा स्वभावच संशयी झाला होता. त्यात बायको हल्ली दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी मावशीकडे जात होती. मावशीकडे खडूचं काय काम?

सरळ विचारलं असतं तर बायकोने सरळ उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकायची त्याची छाती नव्हती. तिच्याशिवाय दुकानाचं शटरसुद्धा वर करावंसं वाटणार नाही, हे त्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कळलं. म्हणून त्याने गुपचूप स्वेटर दुकानात नेला. डागाचा कपडा तसाच परत टांगणं धंद्यात बसत नव्हतं, तेव्हा धुतला. आणि नोंद केल्याशिवाय मशिनमध्ये काही टाकायचं नाही हा त्याचा नियम, तेव्हा रजिस्टरमध्ये लिहिलंही. सकाळी स्वेटर पुन्हा खुंटीवर होता.

गुरुवारी बाहीवर पुन्हा खडू. पुन्हा धुणं, पुन्हा नोंद. महिन्याभरात त्याची खात्री पटली. खडू वापरणारा माणूस आसपास एकच होता, समोरचा टेलर.

"दुपारी दुकान बंद का असतं हो तुमचं?" त्याने टेलरला गाठून विचारलं.

"झोपतो."

"कुठे?"

"मशिनखाली. का, जागा हवीय?"

लाँड्रीवाल्याने रुमालात बांधून आणलेली पांढरी भुकटी पुढे केली. टेलरने ती चिमटीत धरून पाहिली आणि आपला निळा खडू दाखवला. "पांढरा आम्ही ठेवत नाही. हा मास्तरांचा खडू."

म्हणजे मास्तर. त्याच आठवड्यात स्वेटरच्या खिशात परक्या, ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी निघाली. "गुरुवारी चार वाजता, कम्युनिटी कॉलेज, खोली बारा. वही आणा. घरी कुणाला दाखवू नका."

गुरुवारी पावणेचारला तो कॉलेजच्या खिडकीशी उभा राहिला.

"खोली बारात जायचंय."

"अकाउंटिंगला?" कारकुनाने वर न बघता विचारलं. "विद्यार्थी असल्याशिवाय आत सोडत नाही. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस. फी परत मिळणार नाही."

लाँड्रीवाल्याने दात-ओठ खात फी भरली आणि मागच्या बाकावर एका धिप्पाड बेकरीवाल्याच्या आड जाऊन बसला. मास्तर आत आले. ते मास्तर नव्हतेच. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत चालणाऱ्या बाई होत्या.

"आज धंद्याची तपासणी," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी निम्म्यांनी घरच्यांकडून करून घेतली होती, म्हणून या वेळी दाखवू नका म्हटलं. हं, पहिलं कोण?"

पहिली त्याची बायकोच उठली. अंगात तोच स्वेटर, हातात वही, आणि फळ्याशी जाऊन उभी राहताच बाहीला पुन्हा खडू.

"मी एका लाँड्रीचं रजिस्टर तपासलं. मालक चोख आहे. सख्ख्या भावाला रुमाल फुकट धुऊन देत नाही. पण एक नोंद काही केल्या बसत नाही. 'बाईचा स्वेटर, राखाडी, बिल नाही.' महिन्यात नऊ वेळा." तिने वहीतली ती ओळ पुन्हा एकदा पाहिली. "ही बाई कोण, ते मला अजून कळलेलं नाही."

"मालकाचं लफडं दिसतंय," बेकरीवाला मागे वळून कुजबुजला. लाँड्रीवाल्याने गंभीरपणे मान डोलावली आणि मग त्याला आठवलं की मालक आपणच. तो ताडकन उभा राहिला.

"अगं, ती बाई तूच."

"अहो? तुम्ही इथे काय करताय?"

"अंगावर बघ."

तिने पाहिलं. स्वेटरच्या बाह्या कोपरापाशी आल्या होत्या.

"म्हणजे हा आटलाय? मला वाटलं मी जाड झाले. महिनाभर बिनसाखरेचा चहा पितेय मी."

"नऊ वेळा धुतल्यावर आटणारच. पण कॉलेजला येतेस हे सांगायचं नाही?"

"नापास झाले असते तर हसला असतात."

"नसतो हसलो." त्याने क्षणभर विचार केला. "थोडा हसलो असतो."

"बसली नोंद," बाईंनी काठी आपटली. "घरचा कपडा असला तरी दुकानात धुतला की बिल लागतं. नऊ धुण्यांचे पैसे मालकाच्या नावावर लिहा. आणि मालक, तुमची वही कुठाय?"

फी परत मिळणार नव्हती. दुसऱ्या आठवड्यात लाँड्रीवाल्याने स्वतःचा शर्ट मशिनमध्ये टाकण्याआधी खिसा उलटा केला. आत बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी होती. "गुरुवारी चार वाजता, खोली बारा. वही आणा. माझ्यात बघून लिहायचं नाही."

त्याने चिठ्ठी नीट घडी करून ठेवली, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'पुरुषाचा शर्ट, निळा.' पुढे 'बिल नाही' लिहायला पेन टेकवलं, थांबला, आणि पूर्ण भाव लावला.