मुलाखत रोह्याला, तथापि

दहा वाजून वीस मिनिटं झाली तरी एकही उमेदवार उगवला नाही, तेव्हा दिनानाथ गुप्त्यांनी सहाव्यांदा सतरंजी सरळ केली आणि खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. कंपनीच्या रोह्याच्या खोलीत ते सकाळी साडेसातपासून येऊन बसले होते. पेणच्या वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर, साठी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी एक काम सगळंच्या सगळं त्यांच्यावर सोपवलं होतं. त्या आनंदात सकाळचे पोहेसुद्धा घशाखाली उतरले नव्हते.

कामही नवलाचंच होतं. त्यांच्या वाचनालयात लहानाचा मोठा झालेला हरेश म्हात्रे आता पेणला कारखान्यांसाठी हजेरीची यंत्रं बनवत होता. कामगाराने कार्ड आत घालायचं, की काचेवर हिरव्या अक्षरांत मजकूर उमटायचा. तो मजकूर गुप्तेकाकांनीच लिहिला होता. धाटावच्या एका कारखान्यात पहिलं यंत्र बसलं आणि बोंब झाली. कार्ड उलटं गेलं की यंत्र म्हणे, 'आपले परिचयपत्र विपरीत दिशेने प्रविष्ट झाल्याचे निदर्शनास येत आहे.' हे वाचून होईपर्यंत मागची रांग गेटाबाहेर रस्त्यावर जाई. चौथ्या दिवशी एकाने यंत्राला जेवणाचा डबा हाणला. यंत्र दुरुस्तीला रोह्याच्या खोलीत परत आलं.

"काका, तुमची भाषा फर्स्ट क्लास," हरेश म्हणाला होता, "पण मशीनच्या तोंडी साधं बोलणं घालणारं माणूस पायजे आपल्याला. तुम्हीच शोधा. पत्रं तुम्ही पाठवा, मुलाखती तुम्ही घ्या."

यंत्राने काय बोलावं ते ठरवणारा माणूस! सत्त्याण्णव साली अख्ख्या रायगड जिल्ह्यात अशी नोकरी दुसरी नसेल, या विचाराने काकांच्या अंगावर काटा आला होता. आणि लगेच दुसरा विचार आला होता. हे जमलं तर आपण कंपनीत राहू. फसलं तर पुन्हा घर, पुन्हा आरामखुर्ची, आणि छोट्या जाहिरातींसकट वाचायचं वर्तमानपत्र.

"साहेब," खोली झाडणाऱ्या धोंडूबाई दारात उभ्या राहिल्या, "इथं कुत्रंबी नाय आलां. नक्की आजच हाय ना?"

काकांनी घाबरून पेणला फोन लावला.

"काका!" हरेश पलीकडून ओरडला. "पाचही जण इथं येऊन बसलेत!"

"इथे म्हणजे पेणला? पण मी तर स्पष्ट रोहे लिहिलं होतं."

"लिहिलंत ना. पण पुढं काय लिहिलंत? ऐका." हरेश वाचू लागला. "'मुलाखत रोहे येथे होईल. तथापि प्रवासाची अडचण असल्यास पेण कार्यालयाशी संपर्क साधावा. वाहनाची व्यवस्था होण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र तशी न झाल्यास गैरसमज नसावा.' काका, यातली एक मुलगी रोह्याची आहे. तुमच्या खोलीपासून पाच मिनिटांवर तिचं घर! ती पहाटेची गाडी पकडून पेणला आली."

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पहिलं वाक्य लिहून ते थांबलेच होते. पण कोणाला प्रवास झेपला नाही तर, म्हणून दुसरं लिहिलं. दुसऱ्याने कोणाची आशा वाढली तर, म्हणून तिसरं. एकेका वाक्यामागे निव्वळ माया होती.

"मग आता?"

"थांबा, जरा बघतो काय करायचं ते. पाच मिनिटांनी फोन करा," हरेश म्हणाला.

पाच मिनिटांनी काकांनी फोन उचलला तर तो मुका झाला होता. काका खोलीत येरझारा घालू लागले. पाच जणांना इकडे आणायचं की एकट्याने तिकडे जायचं? चूक कोणाची? आपली. मग फेरी कोणी मारायची? आपणच. मुलाखतीत उमेदवारांना यंत्र दाखवायचं होतं, ते त्यांनी पोत्यात घातलं, पोतं खांद्याला मारलं आणि पेणची एसटी पकडली.

तिकडे हरेशने पाचही जणांना जीपमध्ये कोंबलं आणि रोह्याचा रस्ता धरला.

नागोठण्याच्या अलीकडे जीप समोरून आली. पुढे हरेश, मागे दाटीवाटीने पाच उमेदवार. काका ताडकन उठले आणि ओरडले. म्हणजे त्यांना तसं वाटलं. चौतीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला माणूस तो. ओरडण्याच्या नावाखाली घशातून नुसती हवा बाहेर आली.

कंडक्टर धावत आला. "काय झालं आजोबा? उलटी होतेय? खिडकीतून करा!"

"नाही हो. ती जीप... मला उतरायचंय."

"उलटी झाल्यावर उतरायचं कशाला? बरं वाटंल आता."

नागोठण्याला उतरल्यावर परतीची गाडी नव्हती. तासभराने रोह्याला निघालेला एक विटांचा टेम्पो मिळाला. पुढे जागा नव्हती, म्हणून काका पोतं मांडीवर घेऊन मागे विटांवर बसले. भिसे खिंडीत हरेशची जीप पुन्हा समोरून आली आणि गेली. धोंडूबाईंनी "साहेब पोत्यात मशीन घालून पेणला गेले" असं सांगितल्यावर तो काकांना शोधायला निघाला होता. विटांच्या धुळीने लाल झालेला म्हातारा त्याने पाहिलासुद्धा. पण ओळखला नाही.

दीड वाजता काका खोलीपाशी पोचले. दारावर जाड अक्षरांतला कागद होता: 'मुलाखत इथेच आहे.' काकांना हायसं वाटलं. आत पाऊल टाकलं तर दुसरा कागद: 'चपला इथे काढा.' काढल्या. 'पाणी उजवीकडे. आधी प्या.' प्यायले. 'वहीत नाव लिहा. तुमचा नंबर लक्षात ठेवा.' त्यांनी नाव लिहिलं. नंबर आला सहावा. 'बसा. हाक मारू.' काका बसले. आयुष्यात इतकी कामं एकापाठोपाठ, मनात एकही शंका न येता, त्यांनी कधी केली नव्हती.

आतल्या टेबलामागे पंचविशीतली एक मुलगी उमेदवारांच्या नंबरांचा कागद घेऊन बसली होती. समोर पाच उमेदवारांपैकी एक, डोलवीचा निलेश, घामाघूम होऊन उत्तर देत होता.

काकांना सगळं कळलं. हरेशने मुलाखती घ्यायला दुसरं माणूस नेमलं होतं. अर्ध्या दिवसात! आणि बरोबरच होतं त्याचं. पत्राचा असा घोळ घालणाऱ्याकडे कोण काम ठेवील? पण वहीत सहावा नंबर आपला होता. तेवढा तरी अजून कोणी काढून घेतला नव्हता.

"सहा नंबर!"

काका पोत्यासकट आत गेले.

"बसा, काका. मी किमया ठाकूर," ती म्हणाली. उशिरा पोचलेला आणखी एक उमेदवार, असंच तिला वाटलं. "घाबरू नका हां. आधीचा अनुभव?"

"ग्रंथपाल. चौतीस वर्षं."

"छान. आता सांगा, कामगाराने कार्ड उलटं घातलं. मशीनने काय म्हणावं?"

काका सरसावून बसले. "आपण कार्ड कदाचित अनवधानाने..."

"काका, तेवढ्यात त्याची शिफ्ट सुटेल."

मागून निलेश फिसकन हसला. काकांनी वाक्य बदललं. "कृपया कार्डाची दिशा एकवार तपासून पाहावी."

"त्याच्या हातात डबा आहे, मागे पन्नास माणसं शिव्या देतायत, आणि हा दिशा तपासणार?"

काकांनी डोळे मिटले. तो माणूस त्यांना दिसला. घाम, डबा, भोंगा, मागचे धक्के. त्याला माया नको होती, त्याला आत जायचं होतं.

"कार्ड उलटं आहे," काका हळूच म्हणाले. "फिरवा."

किमयाने मान वर केली. "परत सांगा?"

"कार्ड उलटं आहे. फिरवा!" या वेळी आवाज खोलीभर घुमला. काका स्वतःच दचकले.

एवढ्यात धोंडूबाई वडापावचं पुडकं घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगो बाय माझे! अगो पोरी, ह्येच तर साहेब! इंटरव्यू घेनार त्ये ह्येच. त्यांचाच इंटरव्यू घेतंस काय गो?"

किमया ताडकन उभी राहिली. तिच्या हातातला कागद खाली पडला. "अगं आई गं! काका, मी पण उमेदवारच, इथलीच, रोह्याची. आम्ही नुसता सराव करत होतो. हरेशसर म्हणाले, जरा सांभाळा, म्हणून मी..." ती वळून भिंतीवरचे आपले कागद काढायला लागली.

"राहू द्या," काका म्हणाले. "चुकून एक जरी काढलात तर मला बाहेर कसं जायचं कळणार नाही."

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. हरेश धापा टाकत आत आला. भिंतीवरचे कागद वाचून त्याचे पाय आपोआप थांबले, चपला निघाल्या, पाणी पिऊन झालं, आणि मग त्याला काका दिसले. "काका! विटांवर तुम्हीच होतात? मरू दे. मुलाखती झाल्या?"

"झाल्या."

"मग कोणाला घ्यायचं?"

काकांनी किमयाकडे बोट दाखवलं. असा झटपट निर्णय आपल्या हातून झाला, यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. निलेशने सुस्कारा सोडून वडापाव उचलला.

"झकास," हरेश म्हणाला. "सोमवारपासून ये, किमया."

सगळे उठू लागले. काका मात्र खुर्चीतून हलले नाहीत. त्यांनी खाली पडलेला कागद उचलून किमयापुढे सरकवला आणि, धाटावच्या भोंग्यापुढे ऐकूही येणार नाही अशा आवाजात, विचारलं, "आणि... सहा नंबरचं काय?"

किमयाने कागद पाहिला, काकांकडे पाहिलं आणि हरेशकडे वळून ती गंभीरपणे म्हणाली, "सर, सहा नंबर चालेल. तीनदा सांगावं लागतं, पण ऐकतात."