एक्केचाळीस मुद्द्यांची गाडी

जुनी गाडी घ्यायची तर आधी अभ्यास हवा, असं ठरवून देवानंद मास्तरांनी सव्वा महिना मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहिले. व्हिडिओतली सगळी माणसं गुळगुळीत हमरस्त्यावर उभी राहून खड्ड्यांबद्दल बोलत होती, पण मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवटी त्यांनी एक्केचाळीस मुद्द्यांचा तक्ता तयार केला. एका बाजूला मुद्दा, मधे निरीक्षण, शेवटी शेरा. पहिली ते चौथीच्या मुलांचं मूल्यमापन वीस वर्षं केलेल्या माणसाला गाडीचं मूल्यमापन काय अवघड?

गाडीसुद्धा साधी नको होती. शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींनी गेल्या वर्षी छोटी कार घेतली होती आणि खोडाळ्याच्या रस्त्याला तिचं पोट दोनदा फाटलं होतं. त्यामुळे मास्तरांना हवी होती कॉम्पॅक्ट एसयूव्ही. म्हणजे दिसायला जीपची धाकटी बहीण, आत बसायला कार, आणि जमिनीपासून वीत-दीड वीत उंच. त्यांची बायको वर्षा आरोग्यसेविका होती. रोज स्कूटीवरून चार पाडे फिरायची. तिने तक्ता वाचला आणि एवढंच विचारलं, की यात गाडी चालते का, हा मुद्दा कितव्या नंबरला आहे. तो नव्हता.

जव्हारला नाशिक रस्त्यावर तुषार नावाचा एक इसम जुन्या गाड्या विकायचा. त्याच्याकडे पाच वर्षं वापरलेली पांढरी एसयूव्ही उभी होती. तुषारच्या सांगण्यानुसार गाडी एका हाताची होती, डॉक्टरांची होती आणि फक्त रविवारी देवळात जायची. पुढच्या काचेवर वरच्या कडेला खरवडून काढलेली एक लाल पट्टी होती. तिच्यातली 'शास' एवढीच अक्षरं चिकटून राहिली होती. मास्तरांनी बोट दाखवलं, तेव्हा तुषारने डॉक्टरांचं आडनाव शास्त्री होतं असं सांगितलं. मास्तरांनी तक्त्यात 'पूर्वीचा मालक' या मुद्द्यापुढे 'सुशिक्षित' असा शेरा लिहिला.

तुषारने चावी देऊन टाकली. म्हणाला, संध्याकाळपर्यंत कुठंही फिरवा, चढावर घाला, तुमचं समाधान होऊ द्या. गाडीवर एवढा विश्वास असलेला माणूस पाहून मास्तर भारावले. तुषारला खरं तर त्या दिवशी लग्नाला जायचं होतं.

मे महिन्यातला रविवार होता. मास्तर मोखाड्यावरून खोडाळ्याला आले आणि सूर्यमाळचा चढ लागला. गाडीने पहिली तीन वळणं झोकात घेतली. चौथ्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला आणि पाचव्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली. मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. तिथेच उतारावर भोकरीचा पाडा होता. पंधरा-वीस घरं आणि एक मोठं झाड.

आता खाली उतरून मास्तरांनी जे केलं, ते व्हिडिओत सांगितल्याप्रमाणेच केलं. इंजिन थंड होईपर्यंत वेळ वाया घालवायचा नाही, म्हणून त्यांनी टेप काढून गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची मोजली. मग रस्त्यावर पालथं पडून खाली डोकावले, इकडे-तिकडे ठोकून पाहिलं, आणि उठून तक्त्यात काहीतरी लिहिलं. पुन्हा मोजलं, पुन्हा लिहिलं. मान वर केली तर झाडाखाली सगळा पाडा जमला होता.

जगन नावाचा एक मधल्या वयाचा माणूस पुढे झाला. काचेवरची अक्षरं त्याने लांबूनच ओळखली होती. ही गाडी मागची चार वर्षं पाणीटंचाई बघणाऱ्या सरकारी कचेरीत भाड्याने होती, आणि दर मे महिन्यात याच वळणावर गरम व्हायची. पाड्यात हे पोरासोरांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त एक्केचाळीस मुद्द्यांना.

"सायेब, पान्याच्या सर्व्हेला आला ना?" जगनने विचारलं.

मास्तरांनी सांगितलं, की आपण साहेब नाही, शाळामास्तर आहोत, आणि गाडी विकत घ्यायच्या आधी तपासून बघतो आहोत. जगनने समजूतदारपणे मान हलवली. मागच्या वर्षी आलेले साहेब म्हणाले होते, की मी फक्त ड्रायव्हर आहे. त्याच्या आदल्या वर्षीचे म्हणाले होते, की मी रस्ता चुकलोय. आपण साहेब नाही असं सांगणं ही साहेबाची पहिली खूण, हे पाड्याला अनुभवाने कळलं होतं.

मास्तरांना आता रेडिएटरमध्ये ओतायला पाणी हवं होतं. त्यांनी ते मागितलं. कुणी रागावलं नाही. सगळे नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. मग माघी नावाची म्हातारी उठून घरात गेली आणि अर्धा हंडा पाणी घेऊन आली. पहाटेपासून विहिरीवर रांगेत बसून तिने तेवढं भरलं होतं, हे मास्तरांना पाणी ओतून झाल्यावर कळलं. गाडी ते गटागटा प्यायली. मास्तरांचा चेहरा मात्र तापमानाच्या लाल रेषेपेक्षा लाल झाला.

"आता हीर बघायला चल," माघी म्हणाली. "पानी घेतलंस ना?"

या वाक्यानंतर 'मी साहेब नाही' असं म्हणण्याची मास्तरांना सोय राहिली नाही. ते निघाले. विहीर चांगली सव्वा किलोमीटर खाली होती. तळाशी दोन बायका बसून एका खळग्यातून वाटीवाटीने गढूळ पाणी हंड्यात भरत होत्या. मास्तरांनी टेपला दोरी बांधून खोली मोजली. जवळ दुसरा कागद नव्हता. म्हणून त्यांनी तक्ता उलटा केला. पण नवीन मुद्दे काही सुचेनात, तेव्हा पहिल्या बाजूचेच रकाने आणि मुद्दे उतरवून त्यांच्यापुढे लिहीत गेले.

'गळती' या मुद्द्यापुढे त्यांनी लिहिलं : 'नाही. गळायला काही नाही.' 'तळाचा भाग' पुढे : 'चिखल, एक हंडा भरायला पाऊण तास.' 'चढावर दम' पुढे : 'डोक्यावर दोन हंडे, वाटेत तीन ठिकाणी थांबावं लागतं.' मुद्दा तेहतीस होता 'कागदपत्र आणि प्रत्यक्ष यांतला फरक'. विहिरीच्या कठड्यावर सिमेंटमध्ये बारा मीटर खोल असं कोरलं होतं. टेपमध्ये सात भरली. मास्तरांनी दोन्ही आकडे लिहिले आणि शेरा मारला : 'पूर्वीच्यांनी लपवलेलं.' वर गाडीपाशी आल्यावर जगनने खाली सही केली. बाकीच्यांनी अंगठे उठवले. शाई नव्हती, म्हणून इंजिनातलं तेल मोजायच्या डिपस्टिकवरचं काळं तेल वापरलं. ते काळं असणं बरं नव्हे, हेही मास्तरांनी पलीकडच्या बाजूला नोंदवलं.

संध्याकाळी चावी परत करताना मास्तर तुषारला म्हणाले, की गाडी घ्यायची नाही. तुषारने कारण विचारलं नाही. त्यालाही ते माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी वर्षाला सगळं सांगितलं. कागद फाडून टाकावा असा त्यांचा विचार होता. उगाच कुणी म्हणायचं, की सरकारी अधिकारी असल्याचं सोंग केलं, आणि वीस वर्षांची नोकरी पणाला लागायची. वर्षाने कागद वाचला. माघीला ती ओळखत होती. म्हातारीचा रक्तदाब तपासायला ती त्या पाड्यात जायची.

"अर्धा हंडा पिऊन आलात," ती म्हणाली. "कागद देऊन या."

मी नाही, गाडी प्यायली, असं सांगायचं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. सोमवारी ते टंचाई बघणाऱ्या कचेरीत गेले. कारकुनाने कागद हातात घेतला आणि तो नेहमीप्रमाणे बाजूला ठेवणार, तेवढ्यात त्याची नजर तक्त्यावर पडली. साधे अर्ज रोज यायचे. त्यांत नुसती माणसं पाणी मागायची. इथे रकाने होते, अनुक्रमांक होते, शेरे होते. हा कुठला नमुना, असं त्याने आदराने विचारलं. मास्तर घाबरून म्हणाले, "मूल्यमापन तक्ता." कारकुनाला वाटलं वरून नवीन नमुना आला आणि आपल्यालाच कळलं नाही. त्याने घाईने शिक्का मारला. चौथ्या दिवशी भोकरीच्या पाड्यावर टँकर उभा राहिला.

मास्तर तीन दिवस हवेत होते. या काळात त्यांनी नवीन गाड्यांचे व्हिडिओही पाहायला सुरुवात केली. मग शाळेत आदेश आला.

आदेशात म्हटलं होतं, की श्री. देवानंद मास्तरांनी विकसित केलेला नमुना उपयुक्त आढळल्याने त्यांची उर्वरित पाड्यांच्या पाणी सर्वेक्षणासाठी नेमणूक करण्यात येत आहे. मास्तर लोकांनी आजवर माणसं मोजली होती, गुरं मोजली होती, मतदार मोजले होते आणि संडाससुद्धा मोजले होते. विहिरी तेवढ्या राहिल्या होत्या. शेवटच्या ओळीत वाहनाची व्यवस्था स्वतः करावी, अशी सूचना होती. उन्हाळ्याची सुट्टी मात्र कुठे गेली, ते लिहिलं नव्हतं.

मास्तर तुषारकडे गेले. अडला माणूस गरम होणारी गाडीसुद्धा घेतो. पण पांढरी एसयूव्ही जागेवर नव्हती. तुषार म्हणाला, गेली. मोठं गिऱ्हाईक मिळालं. कोण, ते त्याने सांगितलं नाही.

तेव्हा मास्तर वर्षाची स्कूटी घेऊन निघाले. पहिलाच पाडा होता करवंदीचा, भोकरीच्या वरच्या अंगाला. सकाळी आठला पोचून त्यांनी आदेश दाखवला आणि आपण सर्वेक्षणाला आलोय असं सांगितलं. पाड्यातली कर्ती बाई चंदना. बचत गट तीच चालवायची. तिने आदेश नीट वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"आमी सायेबाची वाट बघताव," ती म्हणाली. "भोकरीला टँकर आनला, तो. गाडीवाला."

मास्तर म्हणाले, तो मीच. चंदनाने स्कूटीकडे पाहिलं. स्कूटीच्या पुढे लसीकरणाचं स्टिकर होतं. मास्तरांनी भोकरीच्या विहिरीची खोली सांगितली, माघीचं नाव सांगितलं, टँकर कुठे उभा राहतो तेही सांगितलं. जेवढं जास्त सांगावं, तेवढा चंदनाचा संशय बळकट होत गेला. खऱ्या साहेबाला एवढी माहिती नसते.

माहिती मिळेना, म्हणून मास्तर आपले एकटेच विहिरीवर गेले. उन्हात खाली उतरले, टेप टाकली, वर आले. झऱ्यावर जाऊन आले. तीन तास झाले. पाड्यातल्या बाया लांबून बघत होत्या आणि चंदनाची खात्री पटत होती. साहेब पाड्यावर दहा मिनिटं थांबतो आणि विहीर गाडीतूनच बघतो. हा माणूस तर घाम गाळत होता.

साडेअकराला खालून इंजिनाचा आवाज आला. पांढरी एसयूव्ही वळण घेऊन, बॉनेटमधून वाफ सोडत वर आली आणि पाड्यापुढे थांबली. काचेवर नवीन कोरी लाल पट्टी होती, आणि तिच्यातली सगळी अक्षरं जागच्या जागी होती. मोठं गिऱ्हाईक कोण, ते मास्तरांना तेव्हा कळलं. कचेरीने सर्वेक्षणावर देखरेख करण्यासाठी तीच गाडी पुन्हा भाड्याने घेतली होती.

साहेब नवीन बदलून आलेले होते. ते उतरले नाहीत. मागची काच अर्धी खाली आली आणि सगळा पाडा तिच्याभोवती गोळा झाला. विहीर किती खोल, झरा किती लांब, हंडे किती, मास्तरांना तीन तासांत न मिळालेलं सगळं साहेबांना चार मिनिटांत मिळालं. साहेब म्हणाले, पाण्याचं बघू. मग चंदनाने मास्तरांकडे बोट केलं.

"सायेब, ह्यो मानूस सकालधरनं सांगतं, मीच सायेब. भोकरीला टँकर मीच आनला बोलतं. हिरीत दोरी सोडून काय करतं, कललाच नाय."

मास्तर धावत गाडीपाशी आले. त्यांनी आदेश काचेतून आत दिला. साहेबांनी तो वरून खाली वाचला. तळाशी स्वतःची सही दिसली. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि त्यांना ती सही कधी केली ते काही आठवलं नाही. दिवसाला दोनशे कागदांवर सही करणाऱ्या माणसाला ते आठवेल, अशी अपेक्षाही चूकच.

"सही माझ्यासारखीच आहे," साहेब म्हणाले. "चौकशी करावी लागेल."

त्यांनी मांडीवरची वही उघडली, चंदनाचं नाव विचारलं आणि तक्रार शब्दाला शब्द लिहून घेतली. तारीख टाकली, वेळ टाकली, चंदनाची सही घेतली आणि तिला पोचही दिली. मग काच वर गेली.

करवंदीच्या पाड्याने सात वर्षांत पाण्यासाठी किती अर्ज केले, ते पाड्यालाही आता नीटसं आठवत नव्हतं. एकाचीही पोच मिळाली नव्हती. पण ती पोच चंदनाने घरात देवापाशी लावून ठेवली आहे, आणि आल्यागेल्याला ती दाखवून सांगते, की नवीन साहेब फार चांगला, अर्ज दिला की तिथल्या तिथे काम करतो.