एकशे सेहेचाळीस अजून पाण्यात आहे

मी पोहताना हरवणार नाही, याची मला शंभर टक्के खात्री होती. हरवायला आधी पुढे जावं लागतं, आणि मी कायम सगळ्यांच्या मागे असतो. पुढच्याचे पाय दिसतात तोवर माणूस चुकत नाही, असा माझा साधा हिशेब. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी हे बायकोलाही ठणकावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "पुढचाच चुकला तर?" मी हसण्यावारी नेलं.

आम्ही तिघं शाळेपासूनचे मित्र. एक दातांचा डॉक्टर, दुसरा शाळेत भूमिती शिकवणारा मास्तर, आणि तिसरा मी. माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून हे दोघं मला भिंग्या म्हणतात. पन्नाशी आली तेव्हा मास्तरच्या डोक्यात ट्रायथलॉनचं खूळ शिरलं. साधं छोटं नव्हे, लांब पल्ल्याचं. तळ्यात जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि वर एकवीस किलोमीटर पळायचं. मला पाण्याची भीती वाटते हे दोघांनाही माहीत होतं. तरी वर्षभर रोज पहाटे मास्तर माझ्या दारात उभा राहायचा आणि मी टॉवेल घेऊन निमूट निघायचो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तळ्यावर गेलो तर तळंच नव्हतं. नुसतं धुकं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. मुख्य पंच, शिट्टी गळ्यात अडकवलेला एक ठेंगणा गृहस्थ, धुक्याकडे पाहत म्हणाला की दहा मिनिटांत विरळ होईल. त्यानं शिट्टी फुंकली आणि आम्ही दोनशे माणसं काळ्या टोप्या घालून त्या पांढऱ्या भिंतीत शिरलो.

पहिली पाच मिनिटं झकास गेली. सगळीकडे हात, पाय, धापा. मग आवाज कमी होत गेले. मग थांबलेच. मी मान वर काढली तर पुढे एकच काळं डोकं दिसत होतं. माझा चष्म्याचा नंबर उणे दीड, त्यात पोहायच्या गॉगलवर वाफ धरलेली. पण डोकं होतं हे नक्की. मी त्याच्या मागे लागलो. काय सुंदर पोहत होता तो माणूस! हात उचलत नव्हता, पाय झाडत नव्हता, श्वासाला मान वळवत नव्हता. नुसता सरकत होता. मी थांबलो की तोही थांबायचा. लांबून कुठून तरी शिट्ट्या ऐकू आल्यासारख्या वाटल्या, पण त्या डाव्या बाजूच्या की उजव्या, काही समजेना. मी त्याला धीर करून हाक मारली, "अहो, वळायचं कुठे?"

ते डोकं माझ्याकडे वळलं. मग पाण्यातून वर उठलं आणि धुक्यात उडून गेलं.

तो पाणकावळा होता हे मला आता कळतं. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला त्या क्षणी ते सुचत नाही. त्यानंतर मी जे पोहलो ते कुठल्याच शैलीत बसत नाही. गुडघे चिखलाला लागले तेव्हाच थांबलो.

वर चढलो तर समोर झाडं. माणूस नाही, पंच नाही, पायातला पट्टा पाहून वेळ नोंदवणारं यंत्र नाही. झाडांतून अदमासानं चालत गेलो तर कुंपणाला एक फट सापडली आणि आत आमच्या सायकली. इथे मी पहिल्यांदा थबकलो. कारण सगळ्या सायकली जागेवर होत्या. दोनशेच्या दोनशे, ओळीनं, धुक्यात, ओल्या. मी जर सगळ्यांच्या मागे होतो, तर माझ्या पुढचे एकशे नव्व्याण्णव गेले कुठे?

क्षणभर वाटलं, आपण पहिले आलो. पण मी स्वतःला चांगला ओळखतो. ती शक्यता मी लगेच सोडून दिली.

वेळ घालवून चालणार नव्हतं. आमच्या तिघांच्या सायकली शेजारीशेजारी होत्या. मधली डॉक्टरची, तिच्या उजवीकडची माझी. भराभर हेल्मेट चढवलं, बूट घातले, चष्मा लावला आणि निघालो. फाटकावरही कुणी नव्हतं. एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर अर्धा चहा.

तळ्याभोवतीचा रस्ता तीस किलोमीटरचा, तो तीनदा मारायचा. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. माझी सायकल कुरकुरते. वर्षभर ती कुरकुर ऐकून मास्तरचं डोकं उठलं होतं. आज तिचा आवाजच नव्हता. नुसती हवेतून चालल्यासारखी चालली होती, आणि मलाही काही जोर लावावा लागत नव्हता. हेल्मेट सैल झालं होतं, सारखं भुवयांवर घसरत होतं. बूटही सैल. म्हणजे तासाभरात माझं डोकं आणि पाय दोन्ही लहान झाले होते.

त्याहून वाईट म्हणजे रस्ता. तो डावीकडे कलला होता. झाडं वाकून माझ्याकडे पाहत होती. मैलाचा दगड जवळ आला की लांबट व्हायचा. मी डोळे चोळायला चष्मा काढला तर सगळं बरंच नीट दिसायला लागलं. पुन्हा लावला, झाडं वाकली. काढला, सरळ झाली. मी बावीस वर्षं चष्मे विकतोय. चष्मा काढल्यावर बरं दिसणं हे जिवंत माणसाचं लक्षण नाही.

हा विचार मनात आला आणि मी तो झटकला. पण तो मागच्या चाकाला चिकटल्यासारखा येतच राहिला. एके ठिकाणी एक माणूस कुंपण रंगवत होता. मी जाताना मोठ्यानं विचारलं, पुढे कुणी गेलं का? त्यानं मान वर केली नाही. त्याच्या कानात गाण्याच्या वायरी असतील, असतीलच. मला त्या दिसल्या नाहीत. पुढे एक कुत्रा रस्त्यात बसला होता. सायकलवाला दिसला की कुत्रं धावतं, हा मी वर्षभर पोटऱ्यांवर घेतलेला अनुभव. तो उठला, माझ्याकडे एकटक पाहिलं आणि न भुंकता मागे मागे सरकत गवतात गेला.

अठराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल आलं. पांढरं कापड, दोन ओळींत भरलेले पेले, सोललेली केळी, चार खुर्च्या. माणूस एकही नाही. मी उतरलो. पेला उचलला आणि तेवढ्यात टेबलावरची वॉकीटॉकी खरखरली.

"टेबलांवरच्या राहिलेल्या सगळ्यांनी तळ्यावर या. बाकीचे सगळे बाहेर आलेत. एकशे सेहेचाळीस अजून पाण्यात आहे."

पंचाचा आवाज होता. मी माझ्या दंडाकडे पाहिलं. सकाळी काळ्या शाईनं लिहिलेला आकडा तिथे होता. १४६.

माझ्या हातातला पेला सांडला. मग बटण दाबलं आणि म्हणालो, "मी एकशे सेहेचाळीस बोलतोय. मी पाण्यात नाही."

मग अगदी बारीक आवाजात पंचानं विचारलं, "मग कुठे आहात?"

मी आजूबाजूला पाहिलं. खरं तेच सांगितलं. "माहीत नाही. धुकं आहे. कुणीच नाही इथे. पण पाणी मांडून ठेवलंय."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि वॉकीटॉकी बंद झाली. मी तिला चापट्या मारल्या, हलवली, विनवणी केली. तिचा दिवा गेला तो गेलाच.

आता मला घाबरायलाही फुरसत नव्हती. मी गेलो असेन किंवा नसेन, पण बायकोला कुणी फोन केला असेल तर? डॉक्टर आणि मास्तर कुठे असतील? मी सायकलवर बसलो आणि उरलेले बारा किलोमीटर असा हाणत सुटलो की तसा मी जिवंतपणी कधी गेलो नव्हतो.

तळं आलं तेव्हा धुकं पाण्यावरून वर उठायला लागलं होतं. काठावर बाकीची सगळी माणसं टॉवेल गुंडाळून पाण्याकडे तोंड करून उभी होती. दोन होड्या गळ टाकून संथ फिरत होत्या. मी सायकल हातात धरून मागून चालत गेलो. सगळ्यात पुढे माझे दोघं मित्र होते. मास्तर वाळूत बसला होता आणि डॉक्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"माझाच हट्ट," मास्तर म्हणत होता. "त्याला पाण्याची भीती वाटते हे मला ठाऊक होतं. वर्षभर पहाटे उठून आला, एकदा नाही म्हणाला नाही. आपल्या तिघांत खरा धीराचा तोच."

"आणि डोकं किती शांत," डॉक्टर म्हणाला.

बस, माझी खात्रीच पटली. चाळीस वर्षांत या दोघांनी माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. मी नक्की गेलो होतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी लगेच हाक मारायला हवी होती. पण मास्तर पुढे माझ्या प्रामाणिकपणाबद्दल बोलायला लागला, आणि मी मिनिटभर गप्प उभा राहिलो. दोन मिनिटं म्हणा. शेवटी त्याचा हुंदका ऐकला तेव्हा मलाच राहवेना. मी म्हणालो, "अरे, मी इथे मागे आहे."

मास्तर वळला, माझ्या दिशेनं डोळे बारीक करून पाहत राहिला आणि आहे तिथेच आडवा झाला. काठावरची माणसं दोन्ही बाजूंना पांगली. डॉक्टर तेवढा हलला नाही. तो पांढराफटक पडला होता, पण माझ्याजवळ आला, माझा जबडा धरला, तोंड उघडलं आणि आत बघितलं.

"खालची डावी दाढ," तो म्हणाला. "मीच भरलीय. हा तोच आहे." आणि मग त्यानं मला अशी मिठी मारली की हेल्मेट पुन्हा नाकावर आलं.

मग एकेक उलगडा झाला. आम्ही पाण्यात गेल्यावर धुकं आणखी दाटलं, तेव्हा पंचानं शिट्ट्या मारून सगळ्यांना परत बोलावलं होतं. पोहणं रद्द. मोजणी केली तर एक कमी. धावत सायकलींकडे गेले तर माझी सायकल, माझा चष्मा, माझे बूट, सगळं जागच्या जागी. म्हणजे मी पाण्यातून वर आलोच नव्हतो. शिवाय मास्तरची सायकल गायब; म्हणजे कुणीतरी याच गोंधळाचा फायदा घेऊन चोरी केली होती. मी मागच्या फटीतून आत आलो होतो हे कुणाला माहीत असणार? मागून आलं की डावं ते उजवं होतं. एवढी भूमिती मास्तरनं मला शिकवली असती तर बरं झालं असतं.

मास्तर शुद्धीवर आला तो माझ्या नाकाकडे पाहत. "तो माझा चष्मा आहे," तो म्हणाला. होताच, आणि तो मीच बनवलेला होता. सायकलही त्याच्या जावयाकडून मागून आणलेली, माझ्या दुकानापेक्षा महाग. सकाळपासून त्याला काही दिसत नव्हतं. पोहायची वाट दाखवायला पाण्यावर सोडलेल्या एका केशरी फुग्याला तो तासभर मी समजून हाका मारत होता.

बायकोला फोन गेलाच होता. मी डॉक्टरच्या फोनवरून लावला. ती वाटेत गाडी बाजूला घेऊन उभी होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, "तिथेच थांबा," आणि ठेवून दिला.

मी थांबलो नाही. पंचानं जाहीर केलं की धुकं गेलंय, सायकल आणि पळणं होईल. माझे तीस किलोमीटर धरायला त्यानं साफ नकार दिला. तो माझ्याशी बोलताना दोन पावलं लांबच उभा राहत होता. तेव्हा मी पुन्हा नव्वद मारले, स्वतःच्या कुरकुरत्या सायकलवर, डावीकडे डॉक्टर, उजवीकडे मास्तर. दोघांनी दिवसभर मला मध्येच ठेवलं. वाटेत मी सहज विषय काढला, सकाळी काहीतरी धीराबद्दल म्हणत होतात ना. मास्तर म्हणाला, "ते गेलेल्या माणसाबद्दल होतं."

पळणं संपलं तेव्हा चार वाजून गेले होते. पदकावर फक्त सायकल आणि पळणारा माणूस होता, पोहणारा नव्हता. आम्ही तिघं गवतावर पडलो होतो आणि बायको माझ्या शेजारी, माझं मनगट धरून बसली होती. ते तिनं आल्यापासून सोडलं नव्हतं. तळं समोर निळं, स्वच्छ, आरपार. तिघांनाही तेच टोचत होतं. शेवटी मीच म्हणालो, "पोहणं राहिलं की."

मास्तर म्हणाला, राहू दे. पहिल्यांदाच तो राहू दे म्हणाला. मी उठलो. बायकोनं मनगट सोडलं आणि एवढंच विचारलं, "तिघं बरोबर?"

"तिघं बरोबर," डॉक्टर म्हणाला.

आम्ही ठरवलं, प्रत्येक फुग्याशी थांबायचं आणि मोठ्यानं मोजायचं. पहिल्या फुग्याशी मास्तर म्हणाला एक, डॉक्टर म्हणाला दोन, मी म्हणालो तीन. दुसऱ्या फुग्याशी एक, दोन, तीन. हात शिशासारखे झाले होते, पण भीती कुठे गेली होती कोण जाणे. ऊन कलंडलं होतं, पाणी काळसर व्हायला लागलं होतं, काठावर बायको ठिपक्याएवढी दिसत होती. शेवटच्या फुग्याशी आलो. एक. दोन. तीन.

आणि मागून, पाण्याला लागून, दमलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "चार."

उरलेले पाचशे मीटर आम्ही कसे कापले ते मला सांगता येणार नाही. वर्षभरात कुणी शिकवलं नव्हतं असं आम्ही पोहलो. मास्तर चिखलातून चार पायांवर वर आला. डॉक्टर गाडीपर्यंत थांबला नाही. मी बायकोच्या मागे उभा राहिलो आणि मग वळून पाहिलं.

लांब, त्या फुग्याला दोन्ही हातांनी कवटाळून, मुख्य पंच ओरडत होता. सकाळच्या प्रकारानं त्याचा जीव इतका धसकला होता की आम्हाला पाण्यात शिरताना पाहून तोही, लक्ष ठेवायला म्हणून, गुपचूप मागे आला होता. आणि आता एकटा परत यायला घाबरत होता.

ते पाचशे मीटर आमच्या आयुष्यातले सगळ्यात वेगवान होते, यात शंका नाही. पण वेळ नोंदवणारा माणूस पाण्यात अडकला होता आणि त्याला आणायला परत जायला आमच्यापैकी कुणी तयार नव्हतं. शेवटी बायकोच चप्पल काढून होडीत बसली.