हिबारी पुलापाशी मुका का होतो

कुमागाई गेन्जो यांच्या परिचयपत्रावर छापले आहे : ‘मानवी मनाचा तळ पाहिलेला उत्तर जपानातील एकमेव गुप्तहेर.’ खाली बारीक अक्षरांत : ‘हिवाळ्यात भाजलेली रताळी मिळतील.’ मी त्यांचा सहायक. गाडी ढकलतो, रताळ्यांखालचे खडे तापवतो आणि सहसा बोलत नाही. ते स्वतःला गुरुजी म्हणवून घेतात.

त्या फेब्रुवारीत मोरिओकात पारा उणे आठवर होता आणि चुबाचीकाका दुकान बंद करून त्याची पाटी उतरवण्याच्या बेतात होते. काकांच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात माल एकाच कंपनीचा, हिबारीचा. समोर ओबारांच्या दुकानात फक्त त्सुबामे. एकतीस वर्षे अर्धी गल्ली या पक्षाची, अर्धी त्या. ओइकावा आजींनी काकांकडून छोटा कॅसेट प्लेअर घेतला, त्यांच्या शेजारणीने, किकुची आजींनी, ओबारांकडून. दोघी रोज सकाळी कानांत गाणी घालून नदीकाठाने पुलापर्यंत जात. पुलापाशी हिबारी मुका होई. त्सुबामे गातच राही. काकांनी तीनदा नवा बदलून दिला. दुकानात प्रत्येक सुरेल, पुलावर प्रत्येक गप्प. गिऱ्हाईक ओबारांकडे वळू लागले.

“रविवारपर्यंत कारण कळलं नाही तर पाटी उतरवतो,” काका शांतपणे म्हणाले. “मी शब्द देऊन विकलाय तो.”

त्या दुकानातल्या शेगडीपाशी मी रोज संध्याकाळी बसतो. काका मला काहीच विचारत नाहीत. जगात अशा जागा फार नसतात.

गुरुजींनी तपास हाती घेतला. पहिला निष्कर्ष : पैलतीरावर ओबारा लांब काठी धरून उभे असतात, म्हणजे ते घातक लहरी सोडतात. मी जाऊन पाहिले. ते मासे धरत होते. दुसरा : ओइकावा आजींची गाणी इतकी दुःखी, की यंत्राचे काळीज फाटते. आजींना लग्नातली गाणी ऐकायला लावली. हिबारी त्यांतही मूक झाला. तिसरा निष्कर्ष असा, की कंपनीनेच त्यात मरणाची वेळ कोंडून ठेवली आहे. मग दुकानात तो पुन्हा जिवंत कसा होतो, असे मी हळूच विचारले. गुरुजींनी माझ्याकडे करुणेने पाहिले आणि रताळे उलटले.

शनिवारी निर्णायक प्रयोग झाला. दोघी आजींनी प्लेअरांची अदलाबदल केली. काका, गुरुजी आणि मी मागून चाललो. पुलापाशी ओइकावा आजी थबकल्या. त्यांच्या पट्ट्याला लटकलेला त्सुबामे मुका झाला होता. किकुची आजींच्या कोटाच्या खिशात हिबारी मात्र मजेत गात होता.

“उलगडा झाला,” गुरुजी म्हणाले. “दोष यंत्रात नाही. दोष ओइकावाबाईंच्या कानांत आहे.”

“माझे कान तुमची बडबड ऐकूनही शाबूत आहेत,” आजी म्हणाल्या.

किकुची आजींनी त्याच खिशातून वाफाळते रताळे काढले आणि सोलू लागल्या. “अगं, तू तो थंडीत बाहेर लटकवतेस,” त्या म्हणाल्या. “बॅटऱ्या गारठतात बिचाऱ्या. माझा रोज यांच्या रताळ्याला चिकटून असतो.”

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुला साखरेचा त्रास आहे. तुझ्यासमोर रताळ्याचं नाव कसं काढू?”

गुरुजींनी त्या रताळ्याकडे निरखून पाहिले. गुन्ह्यातले हत्यार रोज सकाळी त्यांनीच विकले होते. पुलावरून उतरेपर्यंत मात्र त्यांना हे सारे पहिल्या दिवसापासून ठाऊक असल्याचे आठवले.

आता हिबारी भरवशाचा की त्सुबामे, असे कोणी विचारले, की गुरुजी क्षणाचाही विचार न करता सांगतात, “रताळे.”

ओइकावा आजी हल्ली प्लेअरसोबत खिशात ठेवायला रोज एक रताळे घेतात. त्यांना ते खाता येत नाही, म्हणून पुलापाशी, गाणे चालू असतानाच, ते माझ्या हातात देतात. तोवर ते निवलेले असते. मी ते खात परततो, आणि चुबाचीकाका शिडीवर चढून पाटीवरचे बर्फ झाडत असतात.